झेंडा कुठे उभा आहे, ते आधी लिहा

२०२२ साली प्यू रिसर्च सेंटर या पाहणी-संस्थेने अमेरिकेतल्या प्रौढांना विचारलं, अमेरिका 'ख्रिस्ती राष्ट्र' असावी का? ४५ टक्क्यांनी होय म्हटलं. त्याच पाहणीत 'ख्रिस्ती राष्ट्रवाद' या शब्दाबद्दल काही वाचलं-ऐकलं आहे का, असाही प्रश्न होता. ५४ टक्के म्हणाले, काहीच नाही. ज्या गोष्टीवर वर्तमानपत्रं रकाने भरतात, तिचं नावही निम्म्याहून जास्त लोकांच्या कानावर नव्हतं. शिवाय ज्यांनी होय म्हटलं, त्यांतल्या पुष्कळांच्या डोक्यात कायदा किंवा सरकार नव्हतंच. लोकांनी सचोटीने वागावं, देवाची चाड ठेवावी, एवढाच त्यांचा अर्थ.

चर्चमधला वंश, धर्म आणि राष्ट्रवाद हा विषय अमेरिकी कॉलेजांतले समाजशास्त्राचे आणि धर्माभ्यासाचे विद्यार्थी सत्राचा प्रकल्प किंवा पदवीचा प्रबंध म्हणून घेतात. विषय तापलेला, त्यामुळे निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावा मागून शोधला जातो, हा धोका आहेच. पण मेख वेगळ्या जागी आहे. शब्द मोजायचे आणि आपण अर्थ मोजला असं समजायचं, ही इथली नेहमीची चूक. ती जागोजाग कशी होते, ते प्रत्यक्ष काम करतानाच दिसतं.

चार शब्द सोडवून घ्या

'चर्च' या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो: इमारत, तिथे जमणारी माणसं आणि त्यांचा संप्रदाय. मराठी ख्रिस्ती बोलण्यात माणसांसाठी 'मंडळी' हा नेमका शब्द आहे, तोच इथे वापरू. विद्यार्थी बहुधा मंडळीचा अभ्यास करतो आणि लिहिताना संप्रदायाबद्दल बोलून जातो. सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट संप्रदायाच्या वार्षिक सभेत ठराव झाला म्हणजे अलाबामातल्या एखाद्या मंडळीचं तेच मत, असं होत नाही. बॅप्टिस्टांत प्रत्येक मंडळी आपल्या कारभाराची मुखत्यार असते. कॅथलिकांत उलट, बिशपला विचारल्याशिवाय पुष्कळ गोष्टी हलत नाहीत. त्यामुळे 'हे कोण ठरवतं?' हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवावा.

'वंश' म्हटलं की मराठी कानाला कुळ आणि पिढ्या आठवतात. अमेरिकेत तो सरकारी अर्जावरचा रकाना आहे, आणि रकाने बदलत आले आहेत. १९२०, १९३० आणि १९४०च्या अमेरिकी जनगणनेत 'हिंदू' हा चक्क एक वंश होता. पंजाबातून गेलेला शीखही त्याच खणात, भारतीय ख्रिस्तीही त्याच खणात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नियम पुन्हा बदलले: हिस्पॅनिक (स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी मूळ असलेला) असण्याचा वेगळा प्रश्न वंशाच्या प्रश्नातच मिसळला आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा नवा गट आला. जुन्या आणि नव्या पाहण्यांचे आकडे शेजारी मांडायचे असतील, तर आधी दोन्ही प्रश्नावल्या उघडून रकाने जुळतात का ते पाहावं लागतं. हे न करता काढलेले आलेख दिसतात झकास आणि असतात चुकीचे.

धर्माबद्दल अमेरिकेची जनगणना विचारतच नाही. धर्म सांगण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असा १९७६चा कायदा आहे. त्यामुळे आकडे दुसरीकडून आणावे लागतात. संप्रदायांनी दिलेल्या माहितीवरून दर दहा वर्षांनी होणारी 'यूएस रिलिजन सेन्सस' (अलीकडची २०२०ची) काउंटीवार (जिल्हावार) आकडे देते. 'असोसिएशन ऑफ रिलिजन डेटा आर्काइव्ज' या संकेतस्थळावर मोठ्या पाहण्यांची मूळ माहिती फुकट मिळते.

उरला राष्ट्रवाद. सैनिकांसाठी प्रार्थना करणं म्हणजे राष्ट्रवाद नव्हे. कामापुरती व्याख्या अशी धरता येते: देशाचा 'खरा' माणूस असणं हे ख्रिस्ती असण्याशी जोडणं. ही रेघ आखली नाही, तर प्रत्येक झेंडा आणि प्रत्येक देशभक्तिगीत पुरावा वाटू लागतं. अमेरिकेत देवाचं नाव घेणारा एक सरकारी, कुठल्याच संप्रदायाचा नसलेला विधीही आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी १९६७ साली त्याला 'नागरी धर्म' म्हटलं. झेंड्याच्या प्रतिज्ञेत 'देवाच्या छत्राखाली' हे शब्द १९५४ साली घातले गेले, आणि 'आमचा देवावर भरवसा' हे राष्ट्राचं बोधवाक्य झालं १९५६ साली. सत्तरी उलटलेल्या माणसाला मात्र दोन्ही अनादी काळापासूनची वाटतात, कारण त्याची शाळा तिथेच सुरू झाली.

रविवारची रेघ कुठून आली

इतिहासाचं एक पान तरी वाचल्याशिवाय मंडळीत पाय ठेवू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या उपासकांना तिथून उठवायला लागले, आणि ते बाहेर पडले. त्यांतल्या रिचर्ड अ‍ॅलन यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च उभं केलं, आणि १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा संप्रदाय झाला. १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन निघालं, ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही या वादातून. त्याबद्दल माफीचा ठराव त्यांनी १९९५ साली केला. मेथडिस्टांनी तर १९३९ साली फाटाफूट मिटवताना काळ्या मंडळ्यांना, त्या कुठल्याही राज्यात असोत, एका वेगळ्या प्रशासकीय विभागात टाकलं. तो विभाग १९६८ मध्ये रद्द झाला.

म्हणजे 'ते वेगळे बसतात' हे पुरेसं वाक्य नाही. कोणी कोणाला हाकललं आणि कोणी आपलं घर स्वतः बांधलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्यूच्या २०२१च्या अहवालानुसार उपासनेला जाणाऱ्या काळ्या अमेरिकनांपैकी ६० टक्के अशा ठिकाणी जातात, जिथे बहुतेक उपासक आणि मुख्य पाळकही (पास्टर) काळे आहेत. याला निव्वळ 'विभाजन' म्हणणारा विद्यार्थी अर्धा इतिहास गाळतो.

आणखी एक आकडा लोक फार उत्साहाने वापरतात: बहुवांशिक मंडळ्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ६ टक्के होतं, ते २०१९ पर्यंत १६ टक्के झालं. आकडा बरोबर आहे, पण व्याख्या बघा. कुठल्याही एका गटाचं प्रमाण ८० टक्क्यांवर नसेल, तर ती मंडळी बहुवांशिक. १०० पैकी ७९ गोरे असले तरी ती त्यात बसते. उपदेश कोण करतं, पैशाचा हिशोब कोणाच्या हातात आहे, गाणी कोणाची, हे त्या टक्क्यात दिसत नाही.

मोजपट्टी हातात घेण्याआधी

या विषयातली सर्वांत वापरली जाणारी मोजपट्टी सहा विधानांची आहे. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू व्हाइटहेड आणि सॅम्युएल पेरी यांनी बेलर विद्यापीठाच्या धर्म-पाहणीतून ती उभी केली. सरकारने अमेरिकेला ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जाहीर करावं. ख्रिस्ती मूल्यांचा पुरस्कार करावा. धर्म आणि राज्य काटेकोरपणे वेगळी ठेवावीत (याचे गुण उलटे धरतात). सार्वजनिक जागी धार्मिक चिन्हं लावू द्यावीत. अमेरिकेचं यश देवाच्या योजनेचा भाग आहे. सरकारी शाळांत प्रार्थना होऊ द्यावी. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २४. बेरजेवरून चार गट पडतात: नाकारणारे, विरोध करणारे, सामावून घेणारे आणि पुरस्कर्ते.

आता गंमत पाहा. 'ठरवता येत नाही' या उत्तराला मधले २ गुण. सहाही ठिकाणी कोणी तेवढंच म्हटलं, तर बेरीज १२ होते, आणि १२ ते १७ हा 'सामावून घेणाऱ्यांचा' गट आहे. ज्याचं मतच नाही, तो कागदावर सहानुभूतीदार होतो. मोजपट्टी टाकाऊ आहे असं नाही. पण गटांची नावं छापण्याआधी किती जण नुसत्या 'ठरवता येत नाही'मुळे त्या गटात गेले, ते मोजावं. दहा मिनिटांचं काम आहे.

२०१७च्या माहितीवर या पट्टीने वरचे दोन गट मिळून सुमारे ५२ टक्के अमेरिकन भरले. पुढे पीआरआरआय आणि ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थांनी पाच विधानांची दुसरी पट्टी वापरली आणि २०२३ साली निकाल प्रसिद्ध केले. 'खरा अमेरिकन असण्यासाठी ख्रिस्ती असणं महत्त्वाचं', 'समाजाच्या सर्व क्षेत्रांवर ख्रिस्ती लोकांनी सत्ता चालवावी अशी देवाची हाक आहे' अशी कडक विधानं त्यात होती. तिथे कट्टर १० टक्के आणि सहानुभूतीदार १९ टक्के, मिळून २९. सहा वर्षांत राष्ट्रवाद ५२वरून २९वर आला, असं लिहिणारा विद्यार्थी दरवर्षी एक तरी सापडेल. काहीच आलं-गेलेलं नाही, फूटपट्टी बदलली आहे.

वंशाचा प्रश्न इथेच शिरतो. सरकारने ख्रिस्ती मूल्यांचा पुरस्कार करावा, याला गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबल प्रमाण मानून धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळीतला माणूस होय म्हणतो आणि काळ्या बॅप्टिस्ट मंडळीतली बाईही होय म्हणते. गुण सारखेच. पण तिच्या मनात उपाशी माणसाला अन्न आणि कैद्याला न्याय असू शकतो, त्याच्या मनात शाळेतली प्रार्थना. राष्ट्रीय पाहण्यांतही हे दिसलं आहे: गोऱ्यांमध्ये या पट्टीवर गुण वाढले की वांशिक अन्याय नाकारण्याकडे कल वाढतो, काळ्यांमध्ये तसं होत नाही. म्हणून दोन्ही गटांची सरासरी एकत्र काढणं म्हणजे ताक आणि कालवलेला चुना रंगावरून एकाच भांड्यात ओतणं.

प्रश्न लहान, मंडळ्या दोन, रविवार ठरलेले

'अमेरिकी चर्च वंशवादी आहे का?' हा सत्राचा प्रश्न नव्हे, आयुष्याचा आहे. पंधरा आठवड्यांत उत्तर मिळेल असा प्रश्न असा असतो: 'एकाच शहरातल्या, एकाच संप्रदायाच्या दोन मंडळ्यांत, एक बहुतांश गोरी आणि एक बहुतांश काळी, राष्ट्रीय सणाच्या रविवारी "देश" कशाकशाशी जोडला जातो?' संप्रदाय एकच ठेवला की विधीतला फरक कमी होतो. मग जो फरक दिसतो, तो वंशाच्या अनुभवातून आला असेल असं म्हणायला थोडी तरी जागा मिळते.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका भांड्यात, एका आचेवर शिजलेला असतो. मंडळ्या तशा नसतात. राष्ट्रीय पातळीवरची 'नॅशनल काँग्रिगेशन्स स्टडी' यासाठी एक युक्ती करते. मंडळ्यांची पूर्ण यादी देशात कुठेच नाही, म्हणून आधी माणसांचा यादृच्छिक नमुना घेतात, 'तुम्ही कुठे जाता?' विचारतात, आणि त्यांनी नाव घेतलेल्या मंडळीला फोन करतात. त्यातून कळतं, की मधली (आकारानुसार रांग लावली तर बरोबर मध्ये येणारी) मंडळी साधारण ७० माणसांची असते, पण मधला उपासक मात्र साडेतीनशे-चारशेच्या मंडळीत बसतो. लहान मंडळ्या पुष्कळ, माणसं मोठ्या मंडळ्यांत. तुम्ही निवडलेली मंडळी यातल्या कुठल्या टोकाची आहे, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.

रविवार निवडताना कॅलेंडर समोर ठेवा. ४ जुलैच्या लगतचा रविवार सर्वांत बोलका, पण तेव्हा कॉलेजला सुट्टी असते. शरद सत्रात ११ नोव्हेंबरच्या माजी सैनिक दिनाजवळचा रविवार मिळतो, आणि वसंत सत्रात जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिन असतो, त्याच्या आदल्या दिवशीचा. सणाचा एक रविवार पाहिला, तर त्याच मंडळीचे किमान दोन साधे रविवारही पाहावे लागतात. नाहीतर सणाचं वागणं नेहमीचं समजलं जातं. ईस्टर टाळावा: त्या दिवशी वर्षातून एकदा येणारी माणसं भरतात, आणि जी मंडळी मोजायला गेलात ती त्या दिवशी नसतेच.

नोंदवहीत काय लिहायचं

आत गेल्यावर मत लिहायचं नाही, जागा लिहायची. झेंडा आहे का? व्यासपीठावर, दाराशी की बाहेरच्या खांबावर? अमेरिकेच्या झेंडा-संहितेप्रमाणे चर्चमध्ये झेंडा उपासकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या पाळकाच्या उजव्या हाताला असावा. शेजारी पांढरा, निळ्या चौकोनात लाल क्रूस असलेला 'ख्रिस्ती झेंडा' आहे का? त्याची कल्पना १८९७ साली ब्रुकलिनच्या एका संडे स्कूलमध्ये निघाली. इतर देशांचे झेंडे आहेत का, आणि ते मिशनरी पाठवलेल्या देशांचे की मंडळीतल्या माणसांच्या मूळ देशांचे?

पण नुसता झेंडा हा कच्चा पुरावा. अनेक चर्चमध्ये तो महायुद्धांच्या काळात आला आणि तिथेच राहिला. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्या मंडळ्यांवर संशय होता. आयोवाच्या गव्हर्नरांनी मे १९१८ मध्ये फर्मान काढून उपासनेतसुद्धा इंग्रजीखेरीज भाषा बंद केली होती. अशा ठिकाणी झेंडा लावणं हा जीव वाचवण्याचाही मार्ग होता. मंडळीच्या जुन्या इतिवृत्तांत १९१७-१८ आणि १९४२ ही वर्षं उघडून पाहावीत. कोणी ठराव मांडला, कोणी पैसे दिले, कधी कधी तिथे सापडतं. आणि मुलाखतीत एकच प्रश्न पुरतो: 'हा झेंडा इथून उचलून बाहेरच्या दालनात ठेवायचं ठरलं, तर सर्वांत आधी कोण बोलेल?' या प्रश्नावर माणसं हसतात, मग नाव घेतात, मग गेल्या वेळी काय झालं ते सांगतात. मंडळीत कोणाचं चालतं हे दहा औपचारिक प्रश्नांतून कळत नाही, ते इथे कळतं.

उपासनेचा नोंदतक्ता मिनिटांचा ठेवा: प्रार्थना किती मिनिटं, कोणासाठी, नावं घेतली ती कोणाची, गाणी कोणती, दानार्पण कशासाठी, घोषणा कोणत्या. गोऱ्या मेनलाइन (जुन्या, मवाळ वळणाच्या प्रोटेस्टंट) मंडळीत सगळं तासाभरात आटोपतं, तर काळ्या मंडळीत दीड-दोन तास सहज जातात. म्हणून 'देश हा शब्द किती वेळा' याची तुलना थेट करता येत नाही. दर दहा मिनिटांमागे काढावी.

सर्वांत जास्त पीक ज्या शब्दात आहे तो म्हणजे इंग्रजीतला 'वुई'. इथे मराठी येणाऱ्याला एक आयता फायदा आहे. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे: एकात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. इंग्रजीत ही भिंतच नाही, आणि उपदेश त्या फटीतूनच चालतो. समजा पाळक म्हणाले: 'वुई हे देवाचे लोक आहोत. वुई या किनाऱ्यावर स्वातंत्र्य शोधत आलो. वुई ते हातचं जाऊ देणार नाही.' पहिला 'वुई' म्हणजे सगळे ख्रिस्ती. दुसरा म्हणजे युरोपातून आलेले. बेड्या घालून जहाजातून आणलेल्यांचे वंशज त्यात बसत नाहीत, आणि आधीपासून इथेच असलेले तर नाहीतच. तिसरा म्हणजे नागरिक, की मतदार, की या खोलीतली माणसं? तीन वाक्यांत मंडळी, वंश आणि राष्ट्र एकमेकांत मिसळले, आणि एकही राष्ट्रवादी शब्द उच्चारला गेला नाही. शब्द मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला इथे शून्य सापडतं.

म्हणून प्रत्येक 'वुई' आणि 'अवर'ला एक कोड द्या: ही मंडळी, सर्व ख्रिस्ती, अमेरिकन, विशिष्ट वंशाचे लोक, सर्व माणसं, किंवा 'सांगता येत नाही'. शेवटचा कोड भरपूर वापरला जातो, आणि तो कुठे वापरला जातो हेच पुढे कामाचं ठरतं. एकट्याने कोडिंग करू नका. निदान १० ते २० टक्के मजकूर दुसऱ्याने स्वतंत्रपणे कोड करावा आणि दोघांचा मेळ कोहेनच्या 'कॅपा' या मापाने (योगायोगापलीकडे एकमत किती, ते सांगणारं माप) काढावा. ०.७च्या खाली आला तर दोष बहुधा माणसांचा नसतो, कोडांच्या व्याख्येचा असतो. व्याख्या सुधारून पहिल्यापासून करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

चित्रफितींवरून काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. आपोआप उमटणाऱ्या मजकुरावर विसंबू नका. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांनी गोऱ्या वक्त्यांच्या दर १०० शब्दांत सरासरी १९ चुका केल्या, काळ्या वक्त्यांच्या ३५. यंत्रणा त्यानंतर सुधारल्या असतील. पण पाळक बोलत असताना मंडळी 'आमेन'ने उत्तर देत असते, आणि तिथे त्या हमखास गडबडतात. म्हणजे दोन मंडळ्यांची तुलना सुरू होण्याआधीच वंशाप्रमाणे चूक वेगळी. उपदेश कानाने तपासा. आणि चित्रफीत पाहिली त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, कारण वाद झाला की ती खाली उतरते.

मुलाखती

बारा मुलाखती पुरे. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचा हाताने मजकूर करायला चार ते सहा तास जातात, म्हणजे बारांचे साठेक तास. हे वेळापत्रकात नसलं की तेराव्या आठवड्यात रडू येतं. पाळकाची मुलाखत सर्वांत शेवटी घ्या. आधी घेतली तर त्यांचेच शब्द तुमच्या प्रश्नांत उतरतात. आणि पाळक म्हणजे मंडळी नव्हे: राष्ट्रीय अभ्यासही बहुधा एकाच माणसाच्या, पाळकाच्या, सांगण्यावर चालतात, हा त्यांचा मान्य दोष आहे.

'तुम्ही राष्ट्रवादी आहात का?' असं विचारलं की मुलाखत संपली. मत विचारू नका, प्रसंग विचारा: 'मागच्या ४ जुलैच्या रविवारी इथे काय झालं, पहिल्यापासून सांगा.' लोक स्वतःबद्दल चांगलं तेच सांगतात, हेही धरून चला. १९९३ साली काही अभ्यासकांनी प्रत्यक्ष डोकी मोजली, तेव्हा चर्चला जाण्याचं प्रमाण लोकांनी सांगितल्याच्या जवळपास निम्मं निघालं. जी गोष्ट मोजता येते तिच्यात एवढी तफावत, तर वंशाबद्दलच्या मतांत किती असेल?

वंशाबद्दल विचारताना कारण विचारा: 'या शहरात काळ्या आणि गोऱ्या घरांच्या मिळकतीत फरक आहे, तो कसा पडला असेल?' समाजशास्त्रज्ञ मायकेल इमर्सन आणि ख्रिश्चन स्मिथ यांनी २००० साली दाखवलं, की गोरे इव्हँजेलिकल अशा प्रश्नाचं उत्तर व्यक्तीचं पाप, वैयक्तिक जबाबदारी आणि आपसातले संबंध यांतून देतात. कायदे, कर्जं, वस्त्यांची आखणी त्या उत्तरात येत नाही. तो द्वेष असेलच असं नाही. हाताशी जी भाषा आहे, तिच्यात ती गोष्ट मांडताच येत नाही. त्यांना खलनायक ठरवून बसलं की हा बारकावा निसटतो.

मुलाखत कोण घेतं यावर उत्तर बदलतं, हे पाहणीशास्त्रात जुनं ज्ञान आहे. समोर काळा मुलाखतकार असला की गोरा माणूस वंशाबद्दल सौम्य बोलतो. भारतीय विद्यार्थ्याला काय मिळतं? बरेचदा ख्रिस्ती धर्म अ-आ-इ-ईपासून समजावून मिळतो, आणि तो खजिनाच असतो: जे ते एकमेकांना कधी सांगणार नाहीत, ते बाहेरच्याला सांगतात. त्याबरोबर बायबल अभ्यासाचं आमंत्रणही येतं. आपण अभ्यासासाठी आलो आहोत हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलेलं असलं की दोन्ही बाजूंची कुचंबणा टळते. प्रत्येक मुलाखतीच्या माथ्यावर मुलाखतकाराचा वंश, लिंग आणि धर्म लिहा, स्वतःचा असला तरी.

परवानगी आणि नावं

माणसांवरच्या संशोधनाला विद्यापीठाच्या आयआरबी या नीतिमंडळाची मान्यता लागते. वर्गापुरता सराव कधी कधी सुटतो, पण प्रबंध किंवा परिषदेत मांडणी होणार असेल तर सुटत नाही. हे तुम्ही ठरवायचं नसतं, मंडळ ठरवतं. तिसऱ्या आठवड्यात अर्ज, उत्तराला दोन-चार आठवडे, तोवर छापील पत्रकं आणि जुने आकडे वाचा. पाळकाने हो म्हटलं म्हणजे मंडळीतल्या माणसाची संमती मिळाली असं नाही. ती ज्याची त्याने द्यायची. युवागटाच्या वाटेला जाऊ नका: १८ वर्षांखालच्यांच्या मुलाखतींना सोपी सवलत मिळत नाही, पालकांची संमती लागते आणि सत्र हातातून जातं.

पैशाबद्दल एक. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्था दरवर्षी कर खात्याला जाहीर विवरण देतात, चर्चना ते माफ आहे. त्यामुळे हिशोब हवा असेल तर सभासदांना वाटला जाणारा वार्षिक अहवाल मागावा लागतो. बऱ्याच मंडळ्या तो आनंदाने देतात. वंशावंशांतल्या समेटासाठी समिती नेमली आणि तिच्या नावापुढे शून्य डॉलर, असं त्यात दिसलं, तर ती नोंद अनेक उपदेशांहून बोलकी.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. सत्तर जणांच्या मंडळीत 'निवृत्त परिचारिका, गायनवृंदाची प्रमुख' एकच असते. बाहेरच्याला ती कळणार नाही, पण शेजारच्या बाकावरच्याला पहिल्या ओळीत कळेल, आणि दुखणं तिथेच होणार असतं. व्यवसाय बदला, वय दशकात सांगा, दोन माणसांची वाक्यं एका नावाखाली मात्र घालू नका.

मराठी येत असेल तर

ज्यांना मंडळीत जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी कागदांची एक वाट आहे, आणि तिला मराठी लागते. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशन-संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ पासून अहमदनगरला काम उभं राहिलं, आणि तिथेच १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं. बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आहेत. अमेरिका गुलामगिरीवरून आपसात लढत होती (१८६१ ते १८६५), तेव्हा तिचेच मिशनरी इथे जातीबद्दल लिहीत होते. पुढे उलट दिशेनेही नजर गेली: पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिका पाहिली आणि १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर मराठीत लिहिलं, त्यात धर्मपंथांची आणि वर्णभेदाचीही दखल आहे.

या मराठी मजकुरात 'वुई'ची फट नाही. लिहिणाऱ्याला 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावंच लागतं, आणि ते कागदावर राहतं. फक्त दोन गोष्टी कोडिंगच्या आधी वेगळ्या काढा. जुन्या पत्रांत संपादक स्वतःला एकट्यालाही 'आम्ही' म्हणतो, आणि 'आपण' हे वाचकाला दिलेलं आदराचं संबोधनही असतं. हे दोन्ही गाळून जे 'आपण' उरतील, त्यांत नगरचा मराठी ख्रिस्ती कुठल्या वर्षी आत आहे आणि कुठल्या वर्षी बाहेर, ते वर्षवार मांडा.